किल्ल्यांच्या नोंदी : मीडिया क्वेरीकडून कंटेनर क्वेरीकडे

माझ्या किल्ल्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावरील कार्डे (छायाचित्र आणि मजकुराच्या चौकटी) या आठवड्यात अखेर मीडिया क्वेरींच्या, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या नियमांच्या, जाचातून सुटली. जुन्या स्टाइलशीटमधील (पानाच्या मांडणीच्या नियमांच्या फाइलमधील) ६००, ७६८ आणि १०२४ पिक्सेलचे तिन्ही टप्पे पडद्याच्या रुंदीवर ठरत. त्यामुळे राजगडाचे जे कार्ड मुख्य स्तंभात ऐटीत बसे, तेच बाजूच्या पट्टीत गेले की छायाचित्राशेजारी मजकुराच्या ओळीत जेमतेम दोन शब्द उरत. कंटेनर क्वेरी, म्हणजे घटक ज्या चौकटीत बसतो तिच्या रुंदीनुसार चालणारे नियम, ब्राउझरांपैकी क्रोम १०५ आणि सफारी १६ मध्ये २०२२ साली, तर फायरफॉक्स ११० मध्ये २०२३ साली आल्या असल्याने त्या टाळण्याला आता सबब उरली नव्हती.

पहिला प्रयत्न मात्र फसला. कार्डालाच कंटेनर (रुंदी तपासायची चौकट) ठरवून त्याच्याच मांडणीचा नियम मी त्या क्वेरीत लिहिला आणि काहीही हलले नाही, कारण क्वेरी पूर्वज (बाहेरून वेढणाऱ्या) घटकाची रुंदी तपासते, त्या घटकाची स्वतःची नव्हे. म्हणून कार्डाभोवती एक वेष्टन घातले, तर फ्लेक्सच्या (घटक एका रांगेत लावणाऱ्या मांडणीच्या) रांगेत ते वेष्टनच शून्य रुंदीचे झाले! इनलाइन-साइज (फक्त रुंदी तपासण्याच्या) कंटेनरची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही, हे दस्तऐवजात वाचूनही माझ्या ध्यानात राहिले नव्हते. शेवटी रांग ग्रिडमध्ये (ओळी-स्तंभांच्या जाळीत) बदलली आणि प्रत्येक स्तंभाची किमान रुंदी १८ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराएवढे एकक) किंवा उपलब्ध जागेच्या १००%, यांपैकी जे कमी ते, अशी ठेवली. आता अरुंद फोनवरही आडवी सरकपट्टी येत नाही.

शीर्षकाचा आकार केवळ व्हीडब्ल्यूमध्ये (पडद्याच्या रुंदीच्या टक्क्यांत) दिला होता, तेव्हा २००% झूम करूनही अक्षरे तेवढीच राहत होती. क्लॅम्पच्या (किमान, मधली आणि कमाल अशा तीन किमती घेणाऱ्या सूत्राच्या) मधल्या किमतीत १ रेम मिसळल्यावर ती वाढू लागली. ओळीची लांबी सीएच एककात मोजणे मी सोडून दिले आहे; ते एकक इंग्रजी शून्याच्या रुंदीवर बेतलेले असल्याने देवनागरी मजकुराचा अंदाज त्यावरून नीट येत नाही. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोहही आवरला, कारण त्याने शिरोरेषा तुटते.

राहिले ते सबग्रिड, म्हणजे बाहेरच्या ग्रिडच्याच ओळी आतल्या घटकांना वापरू देण्याची सोय. शेजारच्या कार्डांची शीर्षके एका रेषेत आणण्यासाठी ते हवे होते, परंतु वेष्टन कंटेनर असल्यामुळे बाहेरच्या ग्रिडच्या ओळी आत पोहोचतच नाहीत. तूर्त शीर्षकाला २ एलएच, म्हणजे दोन ओळींची, किमान उंची दिली आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग तेवढ्यात भागतात, ‘हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेने’ हे शीर्षक अजून तिसऱ्या ओळीवर उतरते.