पॉलिअ‍ॅनिलीन आणि पऱ्हाटीचा कोळसा: तिसरी खेप

पॉलिअ‍ॅनिलीन हा वीज वाहणारा पॉलिमर. तो पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडाच्या) कोळशावर चढवायची ही तिसरी खेप हिरवी, म्हणजे वाहक रूपात, गाळली आणि हिरवीच वाळली. आधीच्या दोन्ही धुता धुता निळसर पडल्या होत्या, वाळल्यावर मीटर मेगाओहममध्ये, म्हणजे वीज जवळजवळ वाहतच नव्हती. दोष पाण्याचा. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर. ते पॉलिमरमधलं आम्ल काढून घेतं, आणि आम्ल गेलं की वीज वाहायची थांबते.

आता धुणं फक्त 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने: 295 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 5 मिली तीव्र आम्ल (आम्ल पाण्यात, उलट कधीच नाही), 100-100 मिलीचे तीन हात. शेवटी अ‍ॅसिटोन.

प्रमाण आययूपॅकच्या (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) 2002 च्या कृतीचंच. अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइड 2.59 ग्रॅम 50 मिलीत, अमोनियम परसल्फेट 5.71 ग्रॅम दुसऱ्या 50 मिलीत. कोळशाची पूड 0.26 ग्रॅम (त्या क्षाराच्या 10 टक्के), ती आधी अ‍ॅनिलीनच्या द्रावणात अर्धा तास ढवळायची, म्हणजे पॉलिमर कणांवरच चढतो. उन्हाळ्यात दोन्ही भांडी बर्फात ठेवा, क्रिया स्वतःच तापते. एकत्र केल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही, मग एकदम गडद निळं, मग हिरवं. अ‍ॅनिलीनचा क्षार कातडीतून शरीरात जातो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतो. नायट्राइल हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, गाळलेलं पाणी शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

चुलीतला कोळसा चालत नाही. काळा असतो, पण पुरेसा तापलेला नसतो. पऱ्हाटीच्या कांड्या झाकणाला बारीक भोक असलेल्या लोखंडी डब्यात, 800 अंशांवर तासभर. खड्याला मीटरच्या सुया टेकवा. मेगाओहम आले तर परत भट्टीत. वाटलेली पूडही आम्लाने धुवा. तिच्यातली राख अल्कधर्मी असते, म्हणजे बोअरच्या पाण्याचाच रोग पुन्हा.

मोजायला दाबलेली पट्टी, 5 मिमी रुंद, 0.5 मिमी जाड. चार स्टीलच्या सुया एका रेषेत: बाहेरच्या दोनमधून 1 मिलिअँपिअर, आतल्या दोन 10 मिमी अंतरावर, त्यांच्यात व्होल्टेज. 25 मिलिव्होल्ट म्हणजे चालकता 1.6 सीमेन्स प्रति सेंटीमीटर. आययूपॅकची शुद्ध पॉलिअ‍ॅनिलीनची सरासरी 4.4 आहे. दोनच सुयांनी मोजलंत तर टेकवल्या जागेचा रोधही त्यात मिसळतो. तांब्याची तार नको, आम्लाने हिरवी पडते.

पुढे कोळसा 5 आणि 20 टक्के. पॉलिमर स्वतःच वाहक असल्याने प्रमाण वाढवून चालकतेत एकदम उडी दिसणार नाही. म्हणून प्रत्येक पट्टी मोजल्यावर अमोनियाच्या वाफेत निळी करून पुन्हा मोजायची (अमोनिया आम्ल काढून घेतो, पॉलिमर वाहायचा थांबतो): तेव्हा जी वीज वाहील ती कोळशाच्या साखळीतूनच.