पोक्सोच्या खटल्यात सपोर्ट पर्सन म्हणून

बालकल्याण समितीचा आदेश हाती आला तेव्हा गुन्हा नोंदवून झाला होता. मुलगी नऊ वर्षांची, आरोपी तिचा सख्खा काका. मी नात्यातली नाही. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे नेमलेली सपोर्ट पर्सन. मुलीसोबत राहायचं, पुढे काय होणार ते तिला समजेल असं सांगायचं. काय बोलायचं ते मात्र शिकवायचं नाही. "ताई, मी काय सांगू?" असं तिने विचारलं की जीव कासावीस व्हायचा.

२०१२ चा हा कायदा मुलांचा विचार करून केलेला आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. आमच्याकडच्या पीएसआय बाई साध्या ड्रेसमध्ये आल्या, समजुतीने वागल्या. पण तोवर तिने ते आईला, शाळेतल्या बाईंना, आजीला सांगून झालं होतं. मग पोलीस, डॉक्टर, मॅजिस्ट्रेटपुढचा, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खालचा जबाब. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही थोडं वेगळं. एकदा 'संध्याकाळी', एकदा 'शाळेतून आल्यावर', एकदा 'दिवाळीच्या आधी'. तारीख तिला कुठून आठवणार? टीव्हीवर काय लागलं होतं ते पक्कं आठवत होतं, पण ते कुणी विचारलंच नाही.

तक्रार उशिरा झाली, त्यामुळे वैद्यकीय अहवालात जखमा नव्हत्या. म्हणजे केस गेली, असं नातेवाईक बोलू लागले. तसं नसतं. मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. पण मग सगळा भार त्या एका साक्षीवर येतो, आणि घरातून दबावही तिथेच येतो. काकाला जामीन मिळाला, तसं आजीने 'घरातलं घरात मिटवू'चा धोशा लावला. घरखर्चात त्याचा पगार होता. साक्षीदार फितूर झाले की लोक पैशाबद्दल कुजबुजतात. मला तर बहुतेक वेळा किराणाच दिसतो.

कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला पूर्ण, असं कलम ३५ सांगतं. घटना चौथीतली, समन्स आलं तेव्हा ती सहावीत होती. मधल्या काळात समुपदेशनाने ती सावरली, नीट झोपू लागली, बरंच विसरूही लागली होती. आणि सरकारी वकील मला म्हणाले, "तिला सगळं आठवतंय ना, तेवढं बघा." त्यांचंही चुकत नव्हतं. हा तिढा कसा सोडवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

साक्ष इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड झाली, मध्ये पडदा होता. बाहेर व्हरांड्यात मात्र काका समोरच्याच बाकावर, म्हणून आम्ही झेरॉक्सच्या दुकानात थांबलो. कलम ३३ प्रमाणे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारायचे असतात. जजबाईंनी ते काटेकोर पाळलं, मध्ये पाणी प्यायला सोडलं. बचावाचा रोख अपेक्षित होता: जबाबांतली तफावत आणि शेतीचा वाद. 'आईने शिकवलं का?' या प्रश्नावर ती म्हणाली, "आईला तर मीच सांगितलं."

आता डॉक्टरांची साक्ष बाकी आहे. त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली आहे. मागच्या तारखेला समन्स न बजावताच परत आलं.