तंगलांग लाच्या उतारावरचे हिरवे घुमट

लेहहून उपशी, ग्या आणि रुमत्से मागे टाकून आम्ही तंगलांग लाचा चढ चढू लागलो, तेव्हा जुलैचा मध्य होता. 5,328 मीटर उंचीच्या या खिंडीत बहुतेक प्रवासी फलकापाशी छायाचित्र काढतात आणि लगेच उताराला लागतात, आणि तिथली विरळ हवा पाहता ते योग्यही आहे. मला जे पाहायचे होते ते मात्र खिंडीच्या थोडे अलीकडे, रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, खडीच्या उघड्या उतारावर पसरलेले होते: थायलॅकोस्पर्मम नावाच्या वनस्पतीचे घुमट.

लांबून ते शेवाळ चढलेले धोंडेच वाटतात. गुडघे टेकून एकावर तळहात ठेवला, तर तो दगडासारखाच टणक लागला. भिंगातून पाहिल्यावर उलगडा झाला. हजारो बारीक फांद्यांची टोके एकमेकींना खेटून एकाच पातळीवर थांबली होती आणि प्रत्येक टोकावर जाड, टोकदार पानांची चांदणी होती. एकही फांदी शेजारणीच्या वर डोके काढत नाही, कारण उघड्यावर आलेला कोंब वारा आणि त्यासोबत उडणारे हिमकण खरवडून टाकतात. अशा रीतीने वाढणाऱ्या वनस्पतींना कुशन प्लांट म्हणतात. मी त्यांना उशी-वनस्पती म्हणते. ही रचना एकाच कुळाची नव्हे. पूर्णपणे वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती हिमालयात, अँडीजमध्ये आणि आर्क्टिक प्रदेशात स्वतंत्रपणे याच आकाराला येऊन पोहोचल्या आहेत.

पुढच्या एका घुमटावरून कधीतरी गाडीचे चाक गेले होते आणि त्याचा एक तृतीयांश भाग तुटून पडला होता. ते पाहून वाईट वाटले, पण एरवी कधीच दिसला नसता असा आतला भाग त्यामुळे उघडा झाला होता. हिरवा थर जेमतेम बोटाच्या पेराएवढा होता. त्याखाली वर्षानुवर्षे न गळता तिथेच कुजत राहिलेल्या पानांचा तपकिरी, घट्ट भुसा होता आणि त्यातून फांद्या खाली एका जाड सोटमुळाकडे उतरत होत्या. त्या भुशात बोट खुपसले तर ते ओले झाले. हातभर अंतरावरची खडी मात्र कोरडी ठणठणीत होती. लेह परिसरात वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण 100 मिलिमीटरच पाणी पडते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ओलाव्याचे मोल कळते. उशी वारा अडवते, उन्हातली आणि रात्रीची तापमानाची टोके बोथट करते, उडती माती धरून ठेवते आणि स्वतःच्याच मेलेल्या पानांपासून सेंद्रिय माती तयार करते. जिथे माती म्हणावी असे काहीच उरलेले नाही, तिथे अशी वनस्पती पुढच्या झाडांसाठी जमीनच तयार करत असते.

याचा फायदा इतरांना होतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी मनावर घेतला आहे. चिलीतील काव्हिएरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील 78 उच्चपर्वतीय ठिकाणांची तुलना करून 2014 मध्ये दाखवून दिले की, हवामान जितके कठोर आणि मोकळ्या जमिनीवरच्या जाती जितक्या कमी, तितकी उशांमुळे पडणारी जातींची भर मोठी. पण याच लडाखमध्ये थायलॅकोस्पर्ममवर झालेल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. माती सुधारलेली असूनही उशीच्या अंगावर इतर झाडे बाहेरच्यापेक्षा जास्त नव्हती. तो टणक पृष्ठभाग हाताखाली घेतल्यावर मला हे पटले, कारण बी पडले तरी मूळ घालायला फटच नाही. मी पाहिलेल्या पंधरा-वीस घुमटांपैकी दोनांवरच गवताची पाती होती, आणि तीही तडा गेलेल्या जागी. त्यामुळे प्रत्येक उशी इतर रोपांना आसरा देऊन वाढवणारी दाईच असते असे सरसकट म्हणणे मला चुकीचे वाटते. सैल विणीच्या उशा आणि काटेरी झुडपे हे काम अधिक करतात.

त्याचा प्रत्यय खिंड ओलांडून त्सो कार सरोवराकडे उतरल्यावर आला. तिथल्या वाळवंटी माळावर चराई बरीच होती. मोकळ्या जागेतले गवत बुडापर्यंत कुरतडलेले होते, पण कॅरागानाच्या काटेरी, जमिनीलगत पसरलेल्या झुडपात हात घालून पाहिले, तर आत वीतभर उंचीचे गवत तुऱ्यावर आलेले होते. काट्यांनी जनावराचे तोंड अडवले होते, सावलीने ओल टिकवली होती आणि माळावर पुन्हा पडू शकेल असे बी त्या एका झुडपात धरत होते. हीच झुडपे सरपणासाठी उपटली जातात, तेव्हा इंधनाबरोबर माळाचे बियाणेही जाते.

स्पेनच्या सिएरा नेवाडा पर्वतात हा विचार प्रत्यक्ष लागवडीत वापरून पाहिला गेला. पूर्वी तिथे रोपे लावण्याआधी झुडपे स्पर्धक समजून साफ केली जात. 1997 पासून संशोधकांनी 11 जातींची 18,000 हून अधिक रोपे 16 प्रकारच्या झुडपांच्या आडोशाला लावली, आणि आडोशाचा लाभ कोरड्या, उन्हाच्या उतारांवर सर्वांत ठळक दिसला. उजाड उतारावर काम करणाऱ्या प्रत्येकाने फावडे हाती घेण्यापूर्वी, तिथे आधीपासून तग धरून असलेले काय आहे हे आधी मोजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परतताना पुन्हा त्याच तुटक्या घुमटापाशी थांबले. चाकाने उघड्या केलेल्या त्या ओलसर भुशात, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, दोन दलांची तीन इवली रोपे उगवली होती. ती कोणत्या जातीची हे सांगण्याइतकी अजून वाढली नव्हती. मी सोबतच्यांना रस्त्याकडे जाताना आल्या पावलांवरूनच चालायला सांगितले.