काढलेलं हाड परत त्याच पायात: माझा अनुभव

माझ्या डाव्या नडगीच्या हाडाचा मधला तुकडा कॅन्सरच्या गाठीसकट कापून काढला, त्याला रेडिएशन दिलं आणि त्याच ऑपरेशनमध्ये परत पायात बसवला. आज मी त्याच पायाने गावातून वावरापर्यंत चालत जातो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हाडाची गाठ म्हटली की लोक थेट पाय कापण्याचीच गोष्ट करतात, म्हणून हे लिहितोय. त्यातही सुरुवातीचे दिवस जरा सविस्तर सांगतो. पाय राहणार की जाणार हे बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरतं, गाठीचा तुकडा तपासायला काढण्यासाठी पहिली सुई कोण आणि कुठून लावतो त्यावर, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी तेव्हा दहावीत होतो. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. नडगीच्या मधोमध दुखायचं, आणि दिवसापेक्षा रात्री जास्त. दिवसभर राबल्यावर पाय दुखला तर कोणी मनावर घेत नाही. पण पडल्या जागी, काही न करता, झोपेतून उठवेल असं दुखणं वेगळं असतं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मग नडगीवर सूज आली, हात लावला की गरम लागायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोच असन, तेल लावून चांगला चोळून काढा." बाबा म्हणाले, "हाड दुखते तं फोटो काढू. चोळाचं काई काम नाई." गाठ असलेला पाय चोळायचा नसतो हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी ते नुसत्या अंदाजाने टाळलं होतं.

तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. हाडाच्या कडेला एकावर एक पापुद्रे दिसत होते. ताप होता, रक्तात ईएसआर (अंगात सूज किंवा जंतू असल्याचा अंदाज देणारी तपासणी) वाढलेला होता, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं की हाडात पू झालाय, उद्याच चिरा देऊन काढून टाकू. बाबांनी एक दिवस मागून घेतला आणि फोटो घेऊन आम्ही सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बराच वेळ उजेडावर धरून पाहिला, एमआरआय करायला लावला आणि बाबांना बाजूला घेऊन बजावलं, "याला कुठेही चिरा देऊ देऊ नका. जिथे हाडाच्या गाठीचं मोठं ऑपरेशन होणार, सुईसुद्धा तिथेच लागली पाहिजे."

ते का, हे मुंबईला समजलं. ज्या वाटेने सुई आत जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती सगळी वाट, कातडीसकट, गाठीबरोबरच काढून टाकतात. जो सर्जन ऑपरेशन करणार, त्याला आपला चिरा कुठून जाणार हे माहीत असतं आणि तो सुई त्याच रेषेवर लावून घेतो. कोणी आडवा चिरा दिला, आत रक्त पसरलं, तर तेवढा सगळा भाग दूषित धरावा लागतो. नडगीवर आधीच मांस नाही. तिथे कातडी जास्त काढावी लागली तर झाकायला काही उरत नाही, आणि वाचवता आला असता तो पाय कापावा लागू शकतो.

आम्ही बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने गेलो. परळच्या टाटा हॉस्पिटलात नाव नोंदवलं. उतरायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. गाडगेबाबा आमच्याच भागातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावाच्या त्या इमारतीत देशभरातले कॅन्सरचे पेशंट राहतात, आणि तिथे बाबांना पहिल्यांदा जरा हायसं वाटलं. पुढच्या प्रवासासाठी हॉस्पिटलातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते. हे आम्हाला धर्मशाळेतल्याच एका मावशींनी सांगितलं.

सुईची बायोप्सी, पूर्ण नडगीचा एमआरआय, छातीचा सीटी स्कॅन, रोग अंगात आणखी कुठे आहे का ते दाखवणारा पेट स्कॅन, बोन मॅरोची म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, एवढं सगळं झालं. निदान निघालं इविंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा एक कॅन्सर. जेम्स इविंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1921 मध्ये तो पहिल्यांदा वेगळा ओळखून मांडला. तो बहुतेक लहान आणि वयात येणाऱ्या मुलांना होतो, आणि ताप-सुजेमुळे हाडातल्या पुवासारखाच दिसतो. माझ्या छातीत काही नव्हतं, म्हणजे रोग फुफ्फुसात पसरला नव्हता. यात तेच सगळ्यात मोठं सुदैव.

आधी किमो (कॅन्सरची कडक औषधं), मग ऑपरेशन, मग पुन्हा किमो, असा क्रम असतो. किमोचं फार लिहीत नाही. लाल औषध, उलट्या, गेलेले केस, पांढऱ्या पेशी उतरल्या की ताप आणि भरती. त्यातली बरीचशी टाटाच्या कागदावर लिहून दिल्याप्रमाणे नागपूरच्या तुकडोजी हॉस्पिटलात झाली, त्यामुळे आईला येता-जाता आलं. सुजेचा गोळा किमोने कमी होत गेला आणि रात्रीचं दुखणं थांबलं.

मग सर्जनने आम्हाला बसवून कागदावर पाय काढून दाखवला. गाठ गुडघ्याजवळ असती तर हाडाच्या त्या भागासकट गुडघाही काढून धातूचा सांधा बसवावा लागला असता. माझी मधोमध होती, म्हणून वरचा गुडघा आणि खालचा घोटा दोन्ही माझेच राहणार होते. मधला तुकडा मात्र जाणार. त्या जागी एकतर धातूचा तुकडा, नाहीतर दुसऱ्या पायातलं बारीक हाड, नाहीतर माझंच काढलेलं हाड रेडिएशन देऊन परत. हाड आतून फार पोखरलेलं किंवा मोडलेलं असेल तर हा शेवटचा मार्ग चालत नाही. माझं टिकलेलं होतं. रक्तवाहिन्या आणि नस गाठीत गुंतलेल्या नव्हत्या, नाहीतर पाय वाचवायची गोष्टच निघाली नसती.

बाबांनी मनातलं विचारलं, "साहेब, रोग तं त्याच हाडात हाये ना? मंग तेच परत काऊन लावता?"

सर्जन हसले नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. हाड शरीराबाहेर असतं, म्हणून त्याला एकाच वेळी 50 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन देता येतं. जिवंत माणसाला साधारण 2 ग्रेच्या रोजच्या हप्त्यांनी द्यावं लागतं. एवढ्या माऱ्यात त्या हाडातली एकही पेशी जिवंत राहत नाही, रोगाचीही नाही आणि हाडाचीही नाही. म्हणजे परत बसवलेलं हाड मेलेलंच असतं. पण आकार तंतोतंत माझाच. वेल मांडवावर चढावा तसं दोन्ही टोकांकडून जिवंत हाड हळूहळू त्याच्यावर सरकत येतं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. तुकडा काढल्यावर बाहेरचं मांस आणि गाठ खरवडून साफ केली, निर्जंतुक कापडात आणि पिशव्यांत गुंडाळून तो रेडिएशनच्या विभागात नेला, आणला, आणि धातूची लांब पट्टी व स्क्रूने दोन्हीकडे जोडला. मग पोटरीचा एक स्नायू फिरवून पुढे आणला आणि त्या हाडावर अंथरला, वर मांडीची कातडी लावली. नडगीला या मांसाची फार गरज असते. जखम उघडी राहिली आणि जंतू पट्टीपर्यंत पोचले तर सगळी मेहनत वाया जाते. माझ्या जखमेची एक कड बरेच दिवस ओली राहिली होती. रोज ड्रेसिंग सोडताना आईचा चेहरा बघवत नसे.

घरी आल्यावर खरी लांब वाट सुरू झाली. पाय टेकवायचा नाही. वॉकर चिखलात रुततो, संडास उकिडवं बसायचा, न्हाणीला पायरी. बाबांनी पायरीवर सिमेंटचा उतार घातला आणि मधे भोक असलेली लाकडी खुर्ची करून आणली. पलंगावर पडून मांडीचा स्नायू आवळणं, पाय सरळ उचलणं, घोटा वर-खाली करणं, हे मी किमोच्या उलटीच्या दिवसांतही सोडलं नाही. गुडघा लवकर सुटला. घोटा अजूनही पूर्ण वाकत नाही.

किमो चालू असली की हाड सावकाश जुळतं. वरचा जोड गुडघ्याकडच्या रुंद हाडात होता, तो आधी भरला. खालचा काही केल्या भरेना. एक्स-रेत ती काळी रेघ तशीच. शेवटी कंबरेच्या हाडाचा कीस काढून तिथे भरावा लागला. त्याने मी खचलो होतो. पण ते लहान ऑपरेशन होतं आणि त्यानंतर रेघ खरंच पुसत गेली. मग कुबड्या, मग काठी, मग मोकळा.

पैशांचं सांगतो. आमचं रेशन कार्ड केशरी. ऑपरेशन आणि किमोचा मोठा भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, हॉस्पिटलातच बसतो. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्याला आधी भेटा, कारण मंजुरी उपचाराआधी लागते. आमच्या जिल्ह्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनीही नक्की विचारावं. पण मुंबईतलं जेवणखाण आणि गेलेला हंगाम कोणत्या योजनेत बसत नाही. त्या साली आमचा कापूस काकांनी आणि शेजाऱ्यांनी वेचला, मजुरी घेतली नाही.

आता मी पळत नाही, उडी मारत नाही, झाडावर चढत नाही. सर्जनने तेवढं बजावलं आहे, कारण ते हाड अजून पूर्ण जिवंत झालेलं नाही आणि मोडू शकतं. सायकल चालवतो, फवारणीचा पंप मात्र पाठीवर घेत नाही. पहिली दोन वर्षं तपासणी दर तीन महिन्यांनी होती, आता सहा महिन्यांनी. आधी छातीचा फोटो, कारण हा रोग परतला तर बहुतेक फुफ्फुसात दिसतो. मग पायाचा. पुढची तारीख पोळ्याच्या आठवड्यात आली आहे, आणि बैल सजवायचं सोडून बाबा याही वेळी सोबत येणार म्हणतात.