कॅरेज ओढण्याआधी

सोलापूर, सोमवार, रात्र

दोन सुयांवर विणताना बोट प्रत्येक टाका चाचपून पुढे जातं. लोकर ताणली की ते लगेच कळतं आणि हात आपोआप सैल होतो. विणकामाच्या मशीनवर कॅरेज, म्हणजे सुयांवरून हाताने सरकवायचा भाग, ओढलं की एका फटक्यात शंभर-सव्वाशे टाके पडतात, त्यातल्या एकालाही बोट लागत नाही. म्हणून इथे सगळी काळजी ओळ सुरू होण्याआधी घ्यायची.

सुरुवात लोकरीपासून. बाजारातला गुंडा तसाच जमिनीवर टाकून विणू नये. तो गडगडतो, अडतो, हिसका बसतो आणि त्या हिसक्याचे चार-सहा टाके घट्ट निघतात. वाइंडरवर, म्हणजे लोकर गुंडाळायच्या फिरकीवर, मधून धागा सुटणारी चपटी गुंडी करावी, गुंडाळताना धागा मेणबत्तीच्या तुकड्यावरून जाऊ द्यावा. सुयांमध्ये ४.५ मिमी अंतर असलेल्या, २०० सुयांच्या मशीनला बारीकच लोकर लागते. जाड लोकरीला ९ मिमीचं मशीन हवं.

आपल्याकडे मागाचं सुती सूत कोनवर सहज मिळतं, म्हणून मोह होतो. विणता येतं, पण खळ दिलेलं ताण्याचं सूत घेऊ नका, ते ताठ असतं आणि सुईच्या हुकात नीट बसत नाही. साधं सूतही लोकरीसारखं लवत नाही, तेव्हा टाक्याचा घट्टपणा ठरवणारा डायल एक-दोन अंक सैल ठेवावा. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की अॅक्रिलिक धागा स्थिर विजेने सुयांना चिकटतो. खोलीत ओलं फडकं टांगलं तरी फरक पडतो.

बुधवार

जुनं मशीन असेल तर आधी स्पंजची पट्टी बाहेर ओढून पाहावी. सुयांना खाली दाबून ठेवणं हे तिचं काम. स्पंज चपटा झाला की सुया उचलल्या जातात, कॅरेज त्यांवर आपटतं, सुया वाकतात. पहिल्याच दिवशी मशीन अडलं तर दोष हाताचा समजू नका, पट्टी बदला.

टाके घालताना कॅरेज उजवीकडे ठेवून डाव्या टोकापासून एकेका सुईला धाग्याचा वेढा द्यावा, म्हणजे धागा कॅरेजपाशी संपतो. वेढे सैल हवेत. पहिल्या चार-पाच ओळी प्रत्येक ओळीआधी सुया पूर्ण पुढे ओढाव्यात, होल्डचा खटका (पुढे ओढलेल्या सुया न विणता सोडणारा) बंद ठेवून. दोन ओळींनंतर कापडात अडकवायचा कंगवा आणि त्याला वजनं लावावीत. टोकाचे टाके सुटतात ते बहुतेक तिथे वजन कमी पडल्यामुळे.

कॅरेज मध्येच अडलं तर जोर लावू नये. कॅरेजची पुढची प्लेट सोडवावी, सुया ढकलणारा आतला कॅम मोकळा करावा आणि अडकलेला धागा शोधावा.

शनिवार

नमुना, म्हणजे माप काढायचा छोटा तुकडा. ४० टाके, ६० ओळी. वजनं लटकलेली असताना मोजायचा नाही, कारण कापड खाली ओढलं जाऊन लांब आणि अरुंद दिसतं. उतरवून, धुऊन, रात्रभर पडू द्यावा. समजा मशीनवर ६० ओळी १६ सेंमी भरल्या आणि विसाव्यानंतर १३.५. पहिल्या मापाने ६० सेंमीच्या पाठीसाठी २२५ ओळी विणल्या, तर पाठ ५०.६ सेंमीच होईल. सव्वानऊ सेंमीहून अधिक आखूड! हाताने विणणाऱ्याला मधेच अंगाला लावून बघायची सवय असते, ती इथे उपयोगी नाही.

मागाच्या कापडात एक धागा तुटला तरी शेजारचे ताणे-बाणे धरून ठेवतात. विणलेल्या कापडात एक टाका निसटला की शिडी थेट खाली उतरते. ती जिभेच्या हुकाने (टोकाला उघडझाप करणारी जीभ असलेल्या) वर आणता येते, आणि हातविणकाम येणाऱ्याला इथे खरा फायदा आहे. मशीनवर आपल्याकडे कापडाची उलटी बाजू असते. हुक मागून घातला तर टाका होता तसा बनतो, समोरून घातला तर आपल्याला सुलट दिसतो. काठाची सुलट-उलट उभ्या रेघांची पट्टी (रिब) याच युक्तीने होते: ठरलेले टाके मुद्दाम सोडायचे, शिडी करायची, समोरून परत चढवायचे. दोन सुलट दोन उलटची पट्टी हवी असेल तर चारांतले दोन सोडा. एका वेळी एकच टाका, वजन न काढता.