गुहागर ते गणपतीपुळे, किनाऱ्याने पायी

गुहागरहून गणपतीपुळ्याला समुद्राच्या कडेने चालत जायचं ठरलं, तेव्हा पहिलं काम केलं ते कॅलेंडरात तिथी बघण्याचं. इकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तास आधी पूर्ण ओहोटी. पुढे रोज ही वेळ पाऊण तासाने सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, पुळण म्हणजे वाळूचा किनारा रुंद होतो आणि ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत. म्हणून पौर्णिमेची पहाट धरून आम्ही दोघं निघालो.

गुहागरचा लांबलचक किनारा उजाडेपर्यंत मागे पडला. असगोलीला वाळू संपते आणि डोंगर थेट पाण्यात उतरतो. इथून पुढे आखलेली वाट अशी नाही. गावातून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढायची, गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या मधून सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर यायचं आणि पलीकडच्या गावात उतरायचं. सड्यावर सावलीचं नाव नाही. कातळावर वाळकं गवत, मधे करवंदीची जाळी आणि उजव्या हाताला सतत समुद्र. एका घराशी पाणी मागितलं तर आजींनी आधी गूळ पुढे केला, मग तांब्या. म्हणाल्या, "पालशेतला जायचंय ना? डांबरी धरू नका, लांब पडेल. या पाखाडीनं थेट बाजारात उतराल." आणि खरंच तसं झालं.

पालशेत, बुधल, मग वेळणेश्वर. वेळणेश्वरची पुळण चंद्रकोरीसारखी आहे. मुक्कामाला घरगुती सोय मिळाली, रात्री कुळथाचं पिठलं-भात आणि सोलकढी.

दुसऱ्या दिवशी हेदवीला मात्र भरतीच गाठायची होती, बामणघळीसाठी. उमामहेश्वराच्या देवळापलीकडे काळ्या कातळात समुद्राने एक अरुंद चीर कोरली आहे. लाट आत शिरते, पाण्याला पुढे जागा उरत नाही आणि ते सरळ वर उसळतं. आम्ही कडेपासून दूर, कोरड्या दगडावर बसलो. काही लाटा नुसत्या आत येऊन परतायच्या. मग एखादी अशी यायची की आधी घळीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज, बसल्या दगडाला हलका हादरा आणि माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर गेलेला पांढरा फवारा. तुषार आमच्यापर्यंत येत होते. ओहोटीला इथे आलात तर नुसती भेग दिसेल. तेव्हा हेदवीचा दिवस आखताना भरतीची वेळ धराच, आणि शेवाळलेल्या कडेला कुणीही जाऊ नका.

नरवण, रोहिले करत तवसाळ आलं. समोर शास्त्री नदीचं मुख, पलीकडे जयगड. फेरीबोटीत मोटारी, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि आम्ही दोघं पायी. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात या खाडीवर पूल योजला आहे. तो गावांना हवाच आहे, आजाऱ्याला रत्नागिरीला न्यायचं तर फेरीबोटीची वाट बघत बसणं सोपं नाही. पण रस्ता रुंदावताना पाखाड्या उखडल्या जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. शेजारची दोन गावं पायी जोडणाऱ्या त्याच आहेत.

जयगड किल्ल्याचा खंदक आणि तट बघून नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराशी उतरलो. देऊळ अगदी समुद्रावर आणि खाली खडकांपाशी गोमुखातून गोडं पाणी. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी सड्यात मुरतं आणि असं खाली झऱ्याने बाहेर पडतं. दिवसभर उन्हात ज्या सड्यावर घशाला कोरड पडली होती, त्याच जातीच्या दगडातलं ते थंड पाणी ओंजळीने पोटभर प्यायलो.

मालगुंडला केशवसुतांचं घर आणि कोमसापने (कोकण मराठी साहित्य परिषदेने) उभारलेलं स्मारक आहे, तिथे घाई करू नये. तिथून गणपतीपुळे जवळच. देवदर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा झाल्यावर रत्नागिरीची एसटी मिळते.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस बरे. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या, सडा नऊच्या आत चढा आणि मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी फोन करून ठेवा. लहान गावांत ऐनवेळी जेवण मिळेलच असं नाही.