काळी चार ते काळी एक

डिसेंबर लागला की माझा घसा माझा राहत नाही, आयोजकांचा होतो. 2024 च्या डिसेंबरात तर वहीत रिकामी तारीख शोधावी लागत होती. 14 ला दत्तजयंती, नरसोबाच्या वाडीला पदं. 21 ला राजारामपुरीत एका घरी बैठक. 22 ला पन्हाळ्याच्या वाटेवर एका रिसॉर्टमध्ये ‘ख्रिसमस स्पेशल’ म्हणे. 24 ला चर्चमध्ये नाताळची गीतं. 26 ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे उद्यापन, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या बायकांचं भजन. त्याला नाही म्हटलं तर वर्षभर पाण्याच्या टाकीवरून टोमणे. मधल्या मधे पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचा नेम मोडला. तिथं गायला नव्हे हो, ऐकायला.

त्यात कोल्हापूरचा डिसेंबर. पहाटे गारठा, दिवसा उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, गावाबाहेर पडलं की गुऱ्हाळांचा धूर. वास गोड येतो, पण गाणाऱ्याच्या नरड्याला तो साखर लावून विष. दप्तरात शाळेचं पोर पाटी ठेवायचं तसं माझ्या पिशवीत ज्येष्ठमध, खडीसाखर आणि गरम पाण्याचा थर्मास. तांबडा रस्सा महिनाभर बंद. घरात सगळे भुरके मारतात आणि मी मुगाच्या खिचडीकडं बघत बसते.

तबल्याला माझ्याबरोबर गेली बारा वर्षं एकच माणूस आहे, मला ताई म्हणतो. 16 ला सकाळी झाकीरभाई गेल्याची बातमी आली आणि हा दोन दिवस फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी आला, तबल्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘चला ताई, तारखा घेतल्यात आपण.’ त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

रिसॉर्टचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगण्यासारखं नाही. त्यांना ‘जिंगल बेल’ रागात हवं होतं. कुठला राग, तर ‘कुठलाबी, पण जरा हॅपी.’ आम्हाला लाल टोप्या दिल्या. मी घातली नाही, तबलजीनं घातली आणि गंभीर चेहऱ्यानं झपताल वाजवला. जेवणाच्या टेबलांवरून काट्याचमच्यांची साथ होतीच. ‘बिल पाठवा, लगेच करतो’ म्हणाले होते. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला तरी ते ‘लगेच’ आलेलं नव्हतं.

पण सांगायचं आहे ते चर्चचं.

ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं. आमच्यासारख्यांचं तर ते माहेरच. तेव्हापासून गावातल्या कार्यक्रमांना जागा पुरेना झाल्या, एकेका हॉलसाठी चार-चार संस्था रांगेत. नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम दरवर्षी बाहेर हॉलमध्ये करणाऱ्या एका ख्रिस्ती मंडळीनं त्या वर्षी तो चर्चमध्येच घ्यायचं ठरवलं. त्यांच्या गायकवृंदाचे सर, निवृत्त शिक्षक, मला बोलवायला घरी आले. चहा घेताना मी जरा ऐटीत आमच्या घराण्याचं सांगितलं. जयपूर घराण्याचे मूळ पुरुष अल्लादियाखाँसाहेब इथं दरबारात होते, त्यामुळं कोल्हापूरची जयपूर घराण्याची माणसं स्वतःला चार आणे जास्तच समजतात. मीही समजते. सर बशीत चहा ओतत म्हणाले, ‘तुमचा तो गाण्याचा देवल क्लब कधीचा?’

‘1883.’

‘आणि आमचे मिशनरी वाइल्डरसाहेब अमेरिकेहून कोल्हापुरात आले ते 1852 ला. म्हणजे आमची प्रार्थना तुमच्या क्लबापेक्षा एकतीस वर्षांनी थोरली. तेव्हा मानधनाचं जरा धाकट्या बहिणीसारखं बघा.’

अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

ठरलं ते असं. आधी मी एकटीनं फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या जन्माच्या काही ओव्या गायच्या. एक इंग्रज पाद्री गोव्यात येतो काय, मराठीत ओव्या रचतो काय आणि 1616 ला ते पुराण छापून निघतं काय! त्या ओव्या मी बिहागडा रागात बसवल्या. नंतर रेव्हरंड टिळकांचं एक पद. ते माझ्याबरोबर वीस जणांचा गायकवृंद चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणणार, आणि मंडळीही म्हणणार.

तालमीत पहिलं भांडण सुराचं. माझी पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी तो माझा सा. त्या पट्टीत टिळकांचं पद वर तार मध्यमाला गेलं की पुढच्या बाकांवरच्या काकूंनी जायचं कुठं? खाली गाऊन ते माझ्या आवाजात फिकं पडतं. शेवटी ठुमरी-भजनाला आम्ही करतो तेच केलं, मध्यमाला षड्ज मानायचं, म्हणजे ‘म’लाच ‘सा’ म्हणायचं. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमाला उतरवली की काम झालं, बाकीच्या तीन तारा जागच्या जागी, फक्त त्या आता पंचम होतात. सगळ्यांना जमेल अशी पट्टी. सर खूश.

दुसरं भांडण गंधाराचं, म्हणजे ‘ग’चं. कीबोर्ड वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगचा. त्यानं कॉर्ड, म्हणजे एकदम तीन स्वर, धरली आणि मी गंधार लावला की दोघांच्या मधे काहीतरी खरखरायचं. तो म्हणे, ‘मॅडम, तुमचा उतरतोय.’ मला! तेवीस वर्षं गंधार घासून मला! मग त्याला तंबोऱ्याला कान लावून बसवलं. तंबोऱ्यातून जो आपोआप निघतो तो गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा चौदा सेंट खाली असतो, म्हणजे एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंतच्या अंतराचा साधारण सातवा हिस्सा. पोरगं हुशार. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणालं, ‘मग मी सा-प एवढंच वाजवतो, गंधार क्वायरवाले गळ्यानं लावतील.’ आणि खरंच, नुसत्या गळ्यांनी लावलेला गंधार येऊन तंबोऱ्यात बसला. तिसरं म्हणजे त्यांची कॉर्ड अंतऱ्यात पुढं सरकते आणि आमचा तंबोरा सा धरून बसतो, पाहुण्यानं उठायचं नाव घेऊ नये तसा. तिथं माझ्या शिष्येनं तारांवर हात ठेवून तंबोरा थांबवायचा असं ठरलं. चालू गाण्यात तंबोरा थांबवायचा हे मला पचत नव्हतं, पण मान्य केलं.

एवढी सगळी तयारी. दोन तालमी. वहीत खुणा. आता त्यातलं काय उरलं ते ऐका.

24 ला रात्री साडेनऊ. चर्च भरलेलं, तीनशेच्या वर माणसं, बाहेर मांडवात आणखी. दारावर मोठी कागदी चांदणी. पुढं गव्हाणी सजवलेली, आणि कोल्हापूरच ते, सजावटीला थर्माकोल-बिर्माकोल नाही, खराखुरा कडबा. आमची बैठक नेमकी त्या कडब्याला लागून.

ओव्या चांगल्या झाल्या. निदान मला तसं वाटलं. कारण कुणी दाद दिली नाही. बैठकीत समेला मान हलते, ‘क्या बात’ येते, काही नाही तरी कुणी चुटकी वाजवतं. इथं शांतता. मी गाण्यातली एक अवघड जागा घेतली की जिच्यासाठी मी आठवडाभर घाम गाळला होता, आणि तीनशे माणसं हात जोडून गव्हाणीकडं बघतायत. आपण गातोय हे यांना कळतंय का नाही, असं एकदा वाटून गेलं.

ओव्या संपल्या. आता पहिली तार उतरवायची. मोबाइलमधला तंबोरा मी कार्यक्रमात वापरत नाही, हा माझा हट्ट. शिष्येच्या मांडीवरून तंबोरा घेतला, मिरजेचा, माझ्या गाण्याच्या बाईंनी मला दिलेला. खुंटी धरली, जराशी सैल केली, आणि गारठ्यानं म्हणा, माझ्या घामेजल्या बोटांनी म्हणा, ती सटकली. फिर्र करून फिरली आणि तार लोंबायला लागली. खडूचा तुकडा शोधला. तो डब्यात, डबा कुणीतरी माइकच्या वायरींखाली सरकवलेला. खुंटी काढून खडू लावला, बसवली, पिळली, परत सटकली. त्यातच कडब्याचा बारीक भुसा नाकात गेला आणि मला खोकल्याची उबळ आली. माइक चालू. अख्ख्या चर्चनं माझा खोकला ऐकला. शिष्या पांढरी पडली. सर हात वर करून तसेच उभे, गायकवृंद तोंडं उघडायच्या तयारीत, आणि मी खुंटीशी झटतेय. मिनिटभर झालं असेल. व्यासपीठावर मिनिटभर म्हणजे किती, ते तिथं बसलेल्यालाच कळतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला. नऊवारीतल्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सुराची वाट बघितली नाही, सरांची नाही, माझी तर नाहीच. डोळे मिटून पदाची पहिली ओळ सरळ उचलली. दुसऱ्या ओळीला मागची चार बाकं. ध्रुवपद परत आलं तोवर सगळं चर्च, आणि बाहेरचा मांडवही.

मी खुंटी हातात धरून ऐकत राहिले. पट्टी कुठली? काळी एक नव्हे. पांढरी एकही नव्हे. दोन्हींच्या मधे कुठंतरी, जिथं हार्मोनियमला पट्टीच नसते. कीबोर्डवाल्या पोरानं एकदा काळी एक दाबून बघितली, तोंड वाकडं केलं आणि हात मांडीवर ठेवले. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग गायकवृंदाला चार बोटं दाखवून मिटवली, एकच उघडं ठेवलं. वीसच्या वीस जण चार आवाज सोडून मंडळीत मिसळले.

लयही त्यांचीच. आम्ही तालमीत धरली होती त्याहून कितीतरी ठाय, संथ. तबलजीनं भजनी ठेका सुरू करून हळूच पुढं ओढायचा प्रयत्न केला. तीनशे माणसांना कोण ओढणार? दोन आवर्तनांत तो त्यांच्या चालीनं चालायला लागला. डग्गा तेवढा ठेवला, आणि डाव्या हातानं तो सांभाळत उजव्या हातानं हातोडीचे हलके ठोके खालून वर देत तबला उतरवून घेतला.

मग मीही तेच केलं. सैल तार वर चढवत आणली ती लोकांच्या सा वर. यावेळी खुंटी शहाण्यासारखी थांबली. बाकीच्या तारा, जोड आणि खर्ज, मणी सरकवून किंचित उतरवल्या. आयुष्यभर मी श्रोत्यांना तंबोऱ्याच्या सुरात आणत आले. त्या रात्री तंबोरा लावला तो पहिल्या बाकावरच्या आजींना. तारेखालचा जवारीचा दोरा जरा हलवला आणि तार बोलायला लागली. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. तानबिन काही नाही. एक जागा घ्यायचा मोह झाला, घेतलीही, तर शेजारच्या दोन बायका गायच्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. लगेच सोडून दिली. पाच कडवी होती. ठरल्याप्रमाणे तिसऱ्याला थांबायचं होतं. पाचही झाली.

नंतर हॉलमध्ये करंज्या, चकल्या आणि केक. आजी हातात कागदी डिश घेऊन माझ्याजवळ आल्या. मला वाटलं ओव्यांबद्दल काही बोलतील.

‘बाई, तार तुटली व्हय?’

‘नाही आजी, खुंटी सटकली.’

‘व्हय का. म्हटलं किती वेळ लागतोय, बारकी पोरं पेंगायला लागल्याली.’ आणि माझ्या डिशमध्ये आणखी एक करंजी ठेवली. ‘घसा लई बसलाय तुमचा. तूप घालून दूध घ्या.’

घसा बसला नव्हता, तो माझ्या आवाजाचा पोत आहे. पण मी मान डोलावली.

परत येताना रिक्षात सर म्हणाले, ‘सॉरी हं, सगळं बसवलेलं मोडलं.’ तबलजी पुढं ड्रायव्हरशेजारी तबला मांडीवर घेऊन बसला होता, तो मागं न बघता म्हणाला, ‘सर, ती आजी कुठल्या घराण्याची म्हणायची?’ सर हसले. मीही हसले, पण थोडं उशिरानं.

26 ला कॉलनीत उद्यापन. घट मांडलेला, फळं, पाच पत्री, वीसेक बायका आणि त्यांची चुळबुळ करणारी पोरं. मी तंबोरा मांडीवर घेतला, खुंटीला आधीच खडू फासून आणला होता. तबलजीनं हातोडी काढली आणि माझ्याकडं बघितलं.

‘ताई, काळी चारला लावून घेऊ?’

समोर यजमानीण काकू पदर सावरत, घसा खाकरत होत्या.

‘थांब जरा,’ मी म्हटलं. ‘काकू कुठनं उचलतायत बघू.’